साउंड कार्ड घेण्याआधी खोली मोजा

‘लॅपटॉपला आवाज आहेच की, मग वेगळं साउंड कार्ड कशाला?’ घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. त्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा येतो: ‘बरं, घ्यायचंच तर कोणतं?’ जालन्याच्या बाजारात मोबाइलच्या सुट्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘साउंड कार्ड दाखवा’ म्हणालात, तर समोर बहुधा रंगीत दिव्यांचा एक डबा येईल. त्याला ‘व्ही एट’ म्हणतात. एक बटण दाबलं की टाळ्या, दुसरं दाबलं की हशा. मोबाइलवरून थेट कार्यक्रम करणाऱ्यांची, कराओकेवाल्यांची ती हौस आहे आणि हौस म्हणून छान आहे. पण आपल्याला हवी आहे ती वस्तू वेगळी.

ती समजून घेण्यासाठी तीन काल्पनिक गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर ठेवू. पहिल्या, अंबडच्या एक ताई. ख्याल गातात, त्यांचा भाऊ तबला वाजवतो आणि घरात हार्मोनियम आहे. दुसरं, जांब समर्थचं एक भजनी मंडळ: पखवाज, पेटी, वीणा, डझनभर टाळकरी. समर्थ रामदासांच्या जन्मगावी भजनाला माणसं कमी पडत नाहीत. आणि तिसरा, जालना शहरातला कॉलेजचा मुलगा. छोटा कीबोर्ड लॅपटॉपला जोडून तो ठेके बनवतो आणि त्यावर रॅप म्हणतो. या तिघांना एकच कार्ड सुचवणारा माणूस भेटला, तर त्याचा सल्ला घेऊ नका.

१. नाव कार्डाचं, काम डब्याचं

पहिल्या आयबीएम पीसीला, म्हणजे १९८१ साली, आवाज होता तो फक्त ‘पीं’ करण्यापुरता. १९८७ मध्ये ॲडलिब नावाच्या कॅनडातल्या कंपनीचं आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर हे कार्ड आलं. मदरबोर्डवरच्या खाचेत ते खरोखरच पत्त्यासारखं बसायचं, म्हणून नाव पडलं कार्ड. पुढे आवाजाचा हा भाग मदरबोर्डवरच आला. संगीतवाल्यांनी मात्र तो संगणकाच्या पोटातून बाहेर काढला आणि यूएसबीच्या वायरीने जोडायला सुरुवात केली. दुकानदार आज त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, लोक अजून साउंड कार्डच म्हणतात. डायल जाऊन तपं लोटली तरी आपण फोन ‘फिरवतो’च ना!

तो पोटातून बाहेर का काढला? संगणकाच्या आत पंखा फिरतो, प्रोसेसर क्षणाक्षणाला वीज कमी-जास्त ओढतो, आणि त्या शेजारी माइकचा नाजूक विद्युतप्रवाह नेऊन ठेवायचा म्हणजे पिठाच्या गिरणीत बसून कुजबुज ऐकायची. लॅपटॉपच्या माइकच्या बारीक छिद्रात जे मंद सूं ऐकू येतं, त्यात या गिरणीचा वाटा असतो.

या डब्यात चार कामं चालतात. माइककडून आलेला अगदी क्षीण प्रवाह मोठा करणं, त्याचे आकडे करणं, ते वेळेवर संगणकात पोहोचवणं, आणि संगणकातून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनला देणं. खोक्यावर जाहिरात होते ती बहुतेक दुसऱ्या कामाची. म्हणून आधी तेच उरकून टाकू.

२. विहीर किती वेळा मोजायची?

आवाज म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार. त्याचे आकडे करायचे म्हणजे ठराविक वेळाने तो मोजत राहायचं. विहिरीची पातळी मोजतात तसं. दोराला गाठी मारायच्या, दोर सोडायचा, कितव्या गाठीपर्यंत भिजला ते वहीत लिहायचं.

आता समजा, तुम्ही रोज सकाळी सातलाच मोजता. दिवसभर मोटार चालून उपसलेलं पाणी रात्रीत झिरपून परत आलेलं असतं. तुमच्या वहीत विहीर कायम भरलेली! वही खोटी नाही, पण विहिरीचं खरं चरित्र तिच्यात नाही. चढ आणि उतार दोन्ही पकडायचे तर दिवसातून किमान दोनदा, खरं तर थोडं जास्तच, मोजावं लागेल. आवाजालाही हाच नियम. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की ऐकू येणारं सगळं वहीत आलं. १९८० साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी सीडीसाठी ४४,१०० हा आकडा ठरवला तो या हिशेबाने. व्हिडिओच्या जगात ४८,००० चालतो. याला सॅम्पल रेट म्हणतात.

मग खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले १,९२,००० कशासाठी? गाणं घरी रेकॉर्ड करणाऱ्यासाठी जवळजवळ कशासाठीच नाही. हिशेब करून बघा. ४८,००० च्या वेगाने, प्रत्येक मोजणीला ३ बाइट, एका माइकचं एक तासाचं रेकॉर्डिंग होतं सुमारे ५१८ एमबी. चार माइकचं दोन जीबी. तेच १,९२,००० ने केलं तर आठ जीबीच्या वर. डिस्क चौपट भरली, लॅपटॉप चौपट दमला आणि कानाला मिळालं तेच.

दोराच्या गाठी किती जवळजवळ मारायच्या, हा दुसरा आकडा. त्याला बिट म्हणतात. १६ बिट म्हणजे ६५,५३६ गाठी, २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त. प्रत्येक बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढतं, म्हणजे १६ बिटला ९६ डेसिबल.

हे पुरे आहे का? ताईंच्या खोलीत जाऊ. रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावरही लांबचा ट्रक, फ्रिज, कुत्री मिळून ३५ डेसिबलच्या आसपास आवाज धरू. माइकपाशी त्यांचा तार षड्ज ८५ धरू. अंतर झालं ५०. खोलीच मुळात ५० देते, तर ९६ ची वहीसुद्धा निम्मी कोरी राहते. तरीही २४ बिटवरच रेकॉर्ड करा, पण कारण वेगळं आहे: जास्त जागा असली की आवाजाची पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते. संबळ किंवा हलगीचा पहिला फटका कुठल्याही अंदाजाच्या वर जातो, आणि डिजिटल वहीत शेवटच्या गाठीच्या वर लिहायला जागाच नसते. तिथे आवाज फाटतो, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो पूर्वीसारखा शिवता येत नाही. सर्वांत मोठा फटका कमाल पातळीच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील असं ठेवलं की निवांत.

आज कुठल्याही बऱ्या कंपनीचं कार्ड २४ बिट आणि ४८,००० देतंच. म्हणजे खोक्यावर सर्वांत मोठ्या टायपात छापलेल्या या दोन आकड्यांवरून कार्ड निवडायचं नाही. ते सोडून द्या.

३. दोन मिलिव्होल्टची गोष्ट

खरी परीक्षा पहिल्या कामात आहे, प्रवाह मोठा करण्यात. हे काम करणाऱ्या भागाला प्रीॲम्प म्हणतात.

स्टेजवर सर्रास दिसणारा, जाळीदार गोल डोक्याचा माइक म्हणजे शुअर कंपनीचा एसएम ५८. १९६६ पासून तो बनतो आहे. त्याच्यासमोर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज लावला तर तो देतो १.८५ मिलिव्होल्ट. स्टुडिओतली यंत्रं आपसात ज्या पातळीवर बोलतात ती सुमारे १.२३ व्होल्टची. भागाकार करा: साडेसहाशे पटींच्या वर. डेसिबलच्या भाषेत ५६. आणि हे खणखणीत आवाजाला. ताईंनी विलंबित ख्यालात मंद्र सप्तकात हळुवार सूर लावला, तर माइकमधून याच्या पाव हिस्साही येणार नाही.

म्हणून कार्डाच्या माहितीपत्रकात शोधायची पहिली ओळ म्हणजे माइकचा गेन. साठ डेसिबलच्या आसपास किंवा वर असेल तर एसएम ५८ सारख्या माइकवर हळू गाणंही निभतं. पन्नासच्या आत असेल तर बटण शेवटपर्यंत पिळून वर सूं ऐकावं लागेल. कंपन्यांनाही हे उमगलेलं दिसतं. फोकसराइट या ब्रिटिश कंपनीचं स्कार्लेट मालिकेतलं दोन इनपुटचं कार्ड घरगुती स्टुडिओंत खूप दिसतं. त्याच्या तिसऱ्या पिढीत गेन ५६ डेसिबल होता, चौथ्या पिढीत तो ६९ केला.

याच पत्रकात ‘ईआयएन’ अशी एक ओळ सापडेल आणि पुढे उणे १२७, उणे १२८ असा आकडा. प्रीॲम्प स्वतः किती सूं करतो, त्याचं हे माप. उणे जितकं जास्त तितकं बरं. पण माइकच्या तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने वळवळतात, त्या वळवळीचीच मर्यादा उणे १३१ च्या आसपास आहे. त्यापलीकडे कुणीच जाऊ शकत नाही. १२७ आणि १२९ मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका. पत्रकात हा आकडाच दिलेला नसेल, तर मात्र सावध व्हा.

माइकची दुसरी जात कंडेन्सर. त्याचा पडदा फार हलका असतो, श्वाससुद्धा टिपतो, आणि तो जास्त प्रवाह देतो. त्याला स्वतःला वीज लागते: ४८ व्होल्ट, तीही माइकच्याच वायरीतून उलट्या दिशेने जाणारी. वेगळी तार दिसत नाही म्हणून तिला फँटम पॉवर म्हणतात, भुताची वीज म्हणा हवं तर. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा स्टँडसकटचा कंडेन्सर माइक लॅपटॉपच्या छिद्रात थेट खुपसला की आवाज पाताळातून आल्यासारखा येतो, कारण ते छिद्र जेमतेम काही व्होल्ट देतं. माइक बिचारा उपाशी असतो आणि लोक तो खराब निघाला म्हणून परत पाठवतात.

आणखी एक गोष्ट कार्डापेक्षा खोलीच्या बाजूची. कंडेन्सर माइक ताईंचा गळा टिपेल तसाच डोक्यावरचे पत्रेही टिपेल. पत्र्याच्या खोलीत आवाज डबडबतो. दोन-तीन जाड वाकळा भिंतींवर टांगल्या आणि एक डोक्यावर ताणली, तर जो फरक पडतो तो कार्ड बदलून पडत नाही. मराठवाड्यात जुन्या लुगड्यांच्या वाकळा अजून घरोघरी आहेत, आवाज शोषायला त्यांच्यासारखं स्वस्त काही नाही. कूलर मात्र बंद. मे महिन्यात जालन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे, मान्य. पहाटे पाचला रेकॉर्ड करा.

४. एका वेळी किती जण?

आता माणसं मोजू. घरात किती वाद्यं आहेत ते नाही, एकाच वेळी किती रेकॉर्ड करायची ते.

कॉलेजच्या मुलाचं सोपं आहे. ठेका लॅपटॉपमध्येच तयार होतो. कीबोर्डमधून आवाज येत नाही, नुसत्या सूचना येतात: अमुक पट्टी, अमुक जोराने दाबली. १९८३ पासून चालत आलेल्या या सूचनांच्या भाषेला मिडी म्हणतात, आणि आजचे बहुतेक छोटे कीबोर्ड ती थेट यूएसबीतून बोलतात. त्याला हवा एक माइक. एका किंवा दोन इनपुटचं कार्ड, विषय संपला. मित्र इलेक्ट्रिक गिटार आणणार असेल तर ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं बटण किंवा छिद्र आहे का तेवढं बघावं. साध्या छिद्रात गिटारचा आवाज मरगळतो.

ताईंचं अवघड आहे. गाणं आधी, तबला नंतर, पेटी त्यानंतर असं एकावर एक थर देऊन भावगीत होतं, सिनेमाचं गाणंही होतं. ख्याल होत नाही. समेवर येताना ताई भावाकडे बघतात, तो ठेका किंचित ओढतो, पेटी मागून येते. हे एकाच वेळी घडलं तरच घडतं. गळ्याला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, पेटीला एक असे चार माइक झाले. त्यांना चार माइक प्रीॲम्पचं कार्ड लागेल. इथे एक फसगत असते. खोक्यावर ‘४ इनपुट’ लिहिलेलं असतं, पण त्यांतली दोनच माइकची असतात. उरलेली दोन कीबोर्डसारख्या आधीच मोठा आवाज देणाऱ्या यंत्रांसाठी. तीन टोकांच्या माइकच्या वायरीची छिद्रं मोजा, आकडा वाचू नका.

भजनी मंडळाला मग किती? पखवाजाला दोन, वीणेला एक, पेटीला एक, मुख्य गायकाला एक, टाळकऱ्यांना दोन: सात तरी हवेत. आठ माइकचं कार्ड, सात माइक, सात वायरी, सात स्टँड. मंडळाच्या वर्गणीतून हे करू नका, असं मी सांगेन. दोन इनपुटचं कार्ड घ्या, दोन चांगले सारखे कंडेन्सर माइक शेजारी शेजारी उभे करा आणि माणसं हलवा. टाळकरी मागे, पखवाज बाजूला, गायक पुढे. पेटी दबते? दोन हात पुढे घ्या. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला येऊन हिंदुस्थानी गायकांच्या तबकड्या करून गेला, तेव्हा माइकसुद्धा नव्हता. एक कर्णा होता आणि सगळ्यांनी त्याच्यासमोर दाटीवाटीने बसायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ मध्ये आलं, तोवर आवाजाचं सगळं संतुलन असं माणसं मागेपुढे सरकवूनच व्हायचं. भजनाला ही पद्धत शोभते. देवळातल्यासारखं एकसंध ऐकू येतं.

‘दोन इनपुटची दोन स्वस्त कार्डं जोडली तर चार होतील की!’ हा हिशेब मला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. होत नाहीत, निदान सरळ होत नाहीत. प्रत्येक कार्डात स्वतःचं घड्याळ असतं आणि त्यावरच सेकंदाला ४८,००० मोजण्या ठरतात. कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. दोघांत दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला, तरी पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद आणि तासाभरात १८० मिलिसेकंदांचा फरक पडेल. गळा एका कार्डावर, तबला दुसऱ्यावर. बडा ख्याल संपेपर्यंत सम हुकलेली असेल आणि दोष भावावर येईल. पुढे वाढवायचं मनात असेल तर मागे ‘एडॅट’ लिहिलेलं चौकोनी छिद्र असलेलं कार्ड घ्या. त्यात एका प्रकाशतंतूतून आणखी आठ वाटा जोडता येतात, आणि घड्याळ एकच राहतं.

५. दिंडीचा शेवटचा टाळकरी

मोठ्या दिंडीत शेवटच्या ओळीत चालला असाल तर हे तुम्हाला ठाऊक आहे: पुढचा टाळ दिसतो आधी, ऐकू येतो नंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढची ओळ ३४ मीटरवर असेल तर एक दशांश सेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंद उशीर. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर हा उशीर मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. म्हणून मागचे नेहमी मागेच राहतात.

हेडफोन घालून स्वतःचा आवाज संगणकातून ऐकताना नेमकं हेच होतं. आवाज कार्डातून आत जातो, फिरून बाहेर येतो, तोवर वेळ गेलेला असतो. याला लेटन्सी म्हणतात. का जातो वेळ? कारण आकडे एकेक करून पाठवत नाहीत, भांडी भरून पाठवतात. हंड्याने पाणी नेलं तर खेपा कमी, पण हंडा भरेपर्यंत थांबावं लागतं. तांब्याने नेलं तर लगेच मिळतं, पण खेपा इतक्या की नेणारा जरा अडखळला की पलीकडे कोरडं. संगणक अडखळला की हेडफोनमध्ये ‘कट कट’ येते ती ही. भांड्याचा आकार तुम्ही ठरवायचा, त्याला बफर म्हणतात.

१,०२४ चं भांडं, सेकंदाला ४४,१०० मोजण्या: एका दिशेने २३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ४६. म्हणजे तबलजी साधारण पंधरा मीटरवर बसलाय. १२८ चं भांडं आणि ४८,०००: जाऊन-येऊन साडेपाचच्या आत, वर कार्डाचा स्वतःचा थोडा वेळ. दहाच्या आत राहिलं तर तबलजी तीन-साडेतीन मीटरवर, नेहमीच्या बैठकीत बसतो तिथेच. दत्तजयंतीला अंबडच्या संगीत महोत्सवात मांडी घालून गाणं ऐकलेल्या माणसाला एवढं अंतर परकं वाटायचं नाही.

लहान भांडं पेलवणं हे लॅपटॉपइतकंच कार्डाच्या ड्रायव्हरचं काम आहे. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषी. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने यासाठी ‘असिओ’ नावाची जवळची वाट काढली. ती विंडोजच्या नेहमीच्या लांबच्या रस्त्याला वळसा घालते. कंपनीने स्वतःच्या कार्डासाठी खास असिओ ड्रायव्हर दिलाय का, आणि तो अलीकडे कधी सुधारलाय, हे तिच्या संकेतस्थळावर बघा. माझ्या मते खरेदीतला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा तपास आहे. कार्ड दहा वर्षं टिकतं, दुभाषी मेला की मुकं होतं. मॅकवाल्यांना ही सोय यंत्रातच असते, त्यांनी पुढे जावं.

कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलासाठी लेटन्सी हाच कळीचा मुद्दा, कारण त्याचा प्रत्येक सूर संगणकात जन्मतो. ताईंना तितका नाही. बहुतेक कार्डांवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘मॉनिटर’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज संगणकात जाण्याआधीच फुटून एक धार थेट हेडफोनला मिळते. उशीर नाहीच. ते बटण आहे याची खात्री करा आणि बफर बेलाशक मोठा ठेवा.

६. दुकानात

जालन्यातच मिळालं तर उत्तम, नाहीतर साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. स्वतःचा माइक, वायर आणि लॅपटॉप बरोबर न्या. गेन अर्ध्याच्या वर नेऊन, कुणी बोलत नसताना हेडफोनवर नुसतं ऐका. एकाच बाजूला सूं जास्त येतं का, बटण फिरवताना खरखरतं का, फँटम चालू केल्यावर कंडेन्सर जागा होतो का. दुरुस्ती कुठे होते ते विचारा. गॅरंटी भारतातल्या वितरकाची हवी. परदेशातून भाच्याने आणलेल्या कार्डाला इथे कुणी वाली नसतो.

पैसे वाटताना कार्डावर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालवू नका. उरलेले माइक, हेडफोन आणि वायरींना.

७. लाइट

शेवटचा मुद्दा खोक्यावर कधीच नसतो, कारण तो आपल्या भिंतीत असतो.

आपली घरगुती वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. ती ऑडिओत घुसली की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण येते. हार्मोनियमच्या मंद्र सप्तकातली पांढरी पाच १९६ हर्ट्झच्या आसपास असते, तिच्या एक सप्तक खाली ९८. म्हणजे ही १०० ची गुणगुण पांढरी पाचचा किंचित चढलेला षड्जच! तुमचं गाणं त्या सुरात असेल तर तंबोरा बेसूर वाटेल आणि कारण सापडणार नाही.

जालन्यात एमआयडीसी आहे, पोलादाच्या भट्ट्या आहेत, म्हणून लगेच कारखान्यांकडे बोट जातं. त्याआधी डोक्यावर बघा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवा हे घरातले मोठे गुन्हेगार. ते बंद करून ऐका.

मग अर्थिंग. लॅपटॉप एका खोलीच्या बोर्डवर, स्पीकर दुसऱ्या. दोन शेततळी पाइपाने जोडली आणि पातळी वेगळी असली तर पाइपातून पाणी वाहणारच. तसं दोन अर्थिंगच्या पातळीत फरक असला की ऑडिओच्या वायरीतून प्रवाह वाहतो आणि गुणगुणतो. सगळं सामान एकाच बोर्डवरून घ्या, बरंचसं काम तिथेच होतं. तिसरी पिन मोडून गुणगुण घालवण्याचा उपाय कुणी सांगेल. तो करू नका, त्या पिनेवर जीव आहे. जुन्या घरात कोळसा आणि मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो आणि निकामी होत जातो. परसातल्या त्या नळीत बादलीभर पाणी ओतणं हाही साउंड इंजिनिअरिंगचाच भाग समजा.

वायरी तीन टोकांच्याच वापरा. त्यांत एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो: एकीत अधिक ५, दुसरीत उणे ५. वाटेत गुणगुण दोन्हींत सारखीच शिरते, समजा २. पलीकडे पोहोचतात ७ आणि उणे ३. कार्ड दुसरी पहिलीतून वजा करतं: १०. गुणगुण गेली, आवाज राहिला.

दोन इनपुटची बरीच कार्डं वेगळ्या अडॅप्टरशिवाय यूएसबीवरच चालतात. जुन्या पद्धतीच्या यूएसबीतून मिळणारे अडीच वॉट त्यांना पुरतात. याचा फायदा असा की चार्जर काढला की लॅपटॉप, कार्ड, माइक सगळं बॅटरीवर, भिंतीशी नातंच नाही. चार आणि आठ इनपुटच्या कार्डांपैकी बऱ्याच जणांना अडॅप्टर लागतो, तिथे हे सुख नाही. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असू द्या. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर गुणगुणत नाही, भुणभुणतो.

कार्ड घरी आलं की पहिल्याच रात्री अकरानंतर माइक लावून, कुणी न बोलता तीन वेळा एकेक मिनिट रेकॉर्ड करा: चार्जर लावून, चार्जर काढून, आणि पंखा-दिवे सगळं बंद करून. हेडफोनवर मोठ्याने ऐका. फरक कानाने कळेल. आणि असं करता करता डीपीचा फ्यूज उडून सगळ्या गल्लीची लाइट गेलीच, तर मेणबत्ती शोधत बसू नका. लॅपटॉपची बॅटरी किती उरली ते बघा आणि ताईंना तंबोरा लावायला सांगा.